जागा बघणारे हनीफचाचा

तंबू ठोकण्याआधी हनीफचाचा त्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. खाली चटई नाही, चादर नाही. खिशातला मोबाइल आणि चाव्या काढून टोपीत ठेवायचे, टोपी बाजूला सरकवायचे आणि वाळूवर उताणे पडून डोळे मिटायचे. थोड्या वेळाने उजव्या कुशीवर, मग डाव्या. तोवर आम्ही सगळे गाद्या, भांडी, पाण्याचे कॅन घेऊन उभे. शेवटी चाचा उठायचे, शर्ट झटकायचे आणि दोनपैकी एक काहीतरी म्हणायचे. "हितं नाय," किंवा "चालंल."

"हितं नाय" म्हटलं की सामान पुन्हा उचलायचं. एका शुक्रवारी त्यांनी चार वेळा उचलायला लावलं. सबनीस साहेब वैतागले. ते मूळचे पुण्याचे, तेलाच्या कंपनीत इंजिनियर, आणि आमच्यात गाडी सगळ्यात मोठी त्यांची.

"अहो चाचा, सगळीकडे तीच वाळू आहे!"

"पुण्यात पण सगळीकडं तीच माती हाय, साहेब. मग कोथरूडलाच का घेतलात घर?"

माझे बाबा हसले. साहेबांनी गादी खांद्यावर घेतली आणि चालायला लागले. चाचांचं म्हणणं एवढंच होतं की डोळ्याला सगळं सपाट दिसतं, उतार पाठीला कळतो. डोकं खाली गेलं तर माणूस सकाळी जड डोक्याने उठतो, आणि वाळूखाली ओल असेल तर तासाभरात ती कमरेला सांगते.

चाचा सुलैबियाहून पाण्याचा टँकर चालवायचे. त्यांचं गाव आणि आमचं गाव गुहागरच्या बाजूला एकाच खाडीच्या दोन काठांवर. तिकडे असताना बाबांची आणि त्यांची ओळख नव्हती. बाबा एसीच्या कामाला कुवेतला आले आणि सुलैबियाच्या एका गोदामात एसी बसवताना टँकरवाल्याच्या तोंडून खाडीकाठची बोली ऐकली, तेव्हा झाली. पुढे बाबा सुपरवायझर झाले, आई आणि मी आलो, आणि चाचा दर महिन्याला फिंतासला आमच्याकडे जेवायला यायला लागले. त्यांची बायको-मुलं गावीच होती.

हिवाळ्यात इथली कुवेती कुटुंबं वाळवंटात तळ टाकून राहतात. त्याला मुखय्यम म्हणतात. मोठे तंबू, गालिचे, जनरेटर, सगळं असतं. पाणी मात्र नसतं. ते चाचांचा टँकर नेऊन द्यायचा. त्यांच्यातल्या अबू फहद नावाच्या वयस्कर गृहस्थांशी चाचांचं चांगलं जमलं होतं. त्यांच्या परवान्याच्या जागेच्या कडेला आम्हाला एक रात्र राहायची मोकळीक होती. त्यांचे टाकून दिलेले दोन कापडी तंबू चाचांनी ठिगळं लावून उभे केले होते. शुक्रवारची नमाज झाली की चाचा कोणाची तरी हाफलॉरी, म्हणजे लहान पिकअप, मागून घ्यायचे आणि दुपारी दोनच्या सुमाराला सालमी रस्त्याने आम्ही निघायचो. शनिवारी दुपारी परत.

तिथे काहीही नव्हतं. नळ नाही, दिवा नाही, संडास आम्ही स्वतः खणायचो. तरी आम्ही नोव्हेंबरची वाट बघायचो. फिंतासच्या आमच्या दोन खोल्या पाचव्या मजल्यावर. उन्हाळ्याचे पाच महिने खिडकीसुद्धा उघडत नाही. आई एरवी सुपरमार्केटपर्यंत जायची आणि परत यायची. वाळवंटात मात्र ती चपला काढून एकटीच चालत सुटायची, ठिपक्याएवढी होईपर्यंत. परत आल्यावर कोणी काही विचारलेलं तिला आवडायचं नाही.

गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात चाचा जेवायला आले आणि भातावर आमटी घेता घेता बाबांना म्हणाले, "परकास, जानेवारीच्या शेवटाला माझा इकामा संपतोय. पुढं होणार नाय."

इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. साठी ओलांडलेल्या आणि पदवी नसलेल्या माणसांचे नियम कडक झाले होते, आणि कंपनीने हात वर केले होते. बाबांनी ताटातला हात काढला. आई म्हणाली, "काहीतरी मार्ग असेल ना, हनीफभाई."

"असंल. माझ्या वाटंवर नाय." मग ते म्हणाले, "मना वेगळंच सांगायचंय. दोन महिने हायत. तेवढ्यात तुमच्यातल्या एकाला तरी जागा बघता आली पायजे. आली तर येत जा. नाय आली तर माझ्यामागं कोणी वाळवंटात राहायला यायचं नाय. हिच्या शिक्षणाची शपथ घे."

शपथ माझ्या शिक्षणाची होती म्हणून ती कोणी हसण्यावारी नेली नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. मी इथल्याच एका खासगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, आणि त्या गोष्टीला आमच्या घरी देवघरातल्या वस्तूसारखं जपतात. बाबांनी शपथ घेतली. आईने माझ्याकडे आणि मग बंद खिडकीकडे पाहिलं.

शपथेपर्यंत जायची काय गरज होती असं सबनीस साहेबांना वाटलं नाही, कारण त्यांना चाचा काय सांगताहेत ते नीट माहीत होतं. त्यासाठी त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली एक गोष्ट सांगायला हवी.

साहेबांना मुलगी झाली होती, इरा. बाळंतपणासाठी त्यांच्या आई पुण्याहून आल्या होत्या. बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा साहेबांनी त्याला तंबूत न्यायचं ठरवलं. आजी नको म्हणत होत्या. साहेब म्हणाले, "अमेरिकेत सहा आठवड्यांचं नेतात." आजी म्हणाल्या, "मग अमेरिकेतच जन्माला घालायचंस." पण बाळ निघालं म्हणून त्याही निघाल्या.

आजी शाकाहारी. चाचांनी काही न विचारता त्यांच्यासाठी वेगळी चूल खणली, वाऱ्याच्या वरच्या अंगाला वीस पावलं दूर, म्हणजे आमच्या सुकटीचा वास तिकडे जायचा नाही. आजींना ते कळलं होतं. त्या आईला म्हणाल्या, "माणूस समजूतदार आहे हो."

चाचांचा एक नियम होता: तंबूत निखारा न्यायचा नाही. कितीही थंडी असो. शेकायचं ते बाहेर शेकायचं आणि झोपायला जाताना निखाऱ्यांवर वाळू लोटायची. येताना प्रत्येक वेळी ते हे सांगायचे, आणि आम्ही मान हलवायचो. आजींनीही हलवली होती. पण शेक-शेगडी त्यांच्या मते त्या नियमात येत नव्हती. निखारा म्हणजे पुरुष मंडळी मांस भाजतात तो. बाळ-बाळंतिणीची शेगडी, वर ओवा, बाळंतशेपा आणि धूप, हे तर औषध. बाळ थंडीत नेलंय म्हटल्यावर उलट जास्तच हवं. त्यांनी पुण्याहून आणलेली छोटी लोखंडी शेगडी पिशवीत घातली होती.

सूर्य टेकला होता. वारा सुटला होता म्हणून तंबूचं दार आतून बांधून घेतलं होतं. आत आजी, साहेबांची बायको मेघनाकाकू आणि बाळ. आम्ही बाहेर चहाच्या तयारीत. चाचा दोर ताणत होते. ते एकदम थांबले आणि म्हणाले, "ओवा कोण जाळतंय?"

साहेब म्हणाले, "आई शेक देतेय बाळाला."

चाचा दाराशी गेले. बायकांच्या तंबूला त्यांनी कधी हात लावला नव्हता. बाहेरून हाक मारली. "आजी! शेगडी बाहेर घ्या." आतून काही उत्तर नाही. "वहिनी!" मेघनाकाकूंचा आवाज आला, झोपेतल्यासारखा. "हो... घेते..." पण कोणी उठल्याचा आवाज नाही. चाचांनी दोनदा दार ओढलं. गाठ आतून होती. त्यांनी कमरेचा चाकू काढला आणि तंबूची भिंत खांद्याच्या उंचीपासून जमिनीपर्यंत सरळ फाडली. आत जाऊन शेगडी लाथेने बाहेर उडवली, बाळ माझ्या आईच्या हातात दिलं, मग दोघींना दंडाला धरून बाहेर आणलं.

बाळ रडायला लागलं. इतकं जोरात रडलं की साहेब खाली बसले. दवाखान्यात नेलं, तिघींना तपासलं, ऑक्सिजन दिला, काही तास ठेवून घेतलं. मेघनाकाकूंचं डोकं दुखत होतं, आजींना उलटी झाली होती. एवढ्यावर निभावलं.

परत येताना गाडीत आजी म्हणाल्या, "धूर तर नव्हताच मुळी."

"धूर नसतो म्हणूनच," चाचा म्हणाले. "धूर असता तर माणूस उठून बसला असता."

फार नंतर बाबांनी मला सांगितलं, चाचा खूप वर्षांपूर्वी सकाळी पाणी घेऊन एका मुखय्यमला गेले होते. हाका मारल्या, हॉर्न वाजवला. तंबूत दोन राखणदार होते, दोघं कोळशाच्या शेगडीशेजारी पांघरूण घेऊन झोपलेले. चाचांना वाटलं गाढ झोपलेत. टाकी भरून झाली तरी उठले नाहीत, म्हणून ते जागं करायला आत गेले. बाबा म्हणाले, "टाकी भरेपर्यंत थांबलो, हे तो अजून बोलतो." चाचांनी स्वतः मला हे कधी सांगितलं नाही.

पुढच्या शुक्रवारी आजी पुन्हा आल्या. बाळाशिवाय, सुई-दोरा घेऊन. अंधार पडेपर्यंत बसून त्यांनी तो फाटलेला तंबू गोधडीच्या टाक्याने शिवला. चाचांची स्वतःची शिवण शिडाच्या कापडाची, दुहेरी, दणकट. आजींचा टाका त्यापुढे नाजूक होता. बाबा म्हणाले, वरून एक पट्टी मारून घ्या. चाचा म्हणाले, "बाईमाणसानं मन लावून शिवलाय. टिकंल." आणि टिकला.

तर त्या नोव्हेंबरापासून चाचा शिकवायला लागले. पहिला नंबर साहेबांनी लावला. त्यांच्याकडे वाऱ्याचं ॲप होतं.

"चाचा, रात्री वारा ताशी बारा किलोमीटर दाखवतंय. उत्तर-पश्चिम."

"ॲपला म्हणावं, हितं येऊन झोप."

साहेब चिकाटीचे होते, पण त्यांना जागा आवडायच्या. आवडलेल्या जागेतून त्यांना उठवणं कठीण. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी एका उंचवट्यावर नवा घुमटाकार तंबू लावला, मॉलमधला. चाचा म्हणाले, खुंट्या वाळूत धरणार नाहीत, तांदळाच्या गोणीत वाळू भरून ती गुडघाभर खोल पुरा आणि तिला दोर बांधा. साहेब म्हणाले, सोबत दिलेल्या पुस्तिकेत खुंट्याच आहेत. तासाभराने तंबू उठला आणि चेंडूसारखा गडगडत सौदीच्या दिशेने निघाला. साहेब मागे, त्यांच्या मागे बाबा. चाचा जागचे हलले नाहीत. "व्हिसा नाय त्याला," एवढंच म्हणाले.

बाबांना सगळं कळायचं, पण ते चाचांच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर द्यायचे. मग चाचांनी मला बोलावलं. का ते माहीत नाही. मी कशातच पटकन बोलणारी नाही. वर्गातही उत्तर येत असलं तरी हात वर करेपर्यंत दुसऱ्याने दिलेलं असतं.

"कॉलेजात काय शिकवतात तुमच्या?"

"बिझनेस मॅनेजमेंट."

"म्हणजे दुकानदारी."

"थोडंफार तसंच."

"चल, हिकडं माल बघायला शिक."

ते चालत चालत सांगायचे आणि पुन्हा सांगायचे नाहीत. काट्याच्या झुडपामागे वाळूची शेपटी साठलेली असते. शेपटी ज्या बाजूला, त्या बाजूला तंबूचं दार, कारण वारा समोरून येऊन ती शेपटी मागे टाकतो. लोखंडाचा तुकडा दिसला, कसलाही, तर हात लावायचा नाही. नव्वदच्या लढाईतलं काय उरलंय कोणाला ठाऊक. मुंग्यांची वारुळं जिथे आहेत तिथली जमीन कोरडी, पण झोपायला नको. आणि पाण्याचं.

त्या भागात एक मोठा खोलगट भाग आहे. वर्षातले दहा-अकरा महिने ती नुसती भेगाळलेली माती असते. हिवाळ्यात एखादा जोराचा पाऊस झाला की आजूबाजूचं सगळं पाणी तिथे उतरतं आणि तळं होतं, दोन-तीन आठवडे टिकतं. काठावर बारीक गवत उगवतं, पक्षी येतात. आपल्या माणसांना पाणी दिसलं की काठावर जाऊन बसायचंच असतं. पहिल्या वर्षी सबनीस साहेबांनी मोठी गाडी थेट काठाशी नेली होती. वरून माती वाळलेली, खाली चिखल. गाडी दारापर्यंत बसली आणि अबू फहदांच्या मुलांनी दोर लावून ती काढली. तेव्हापासून चाचांनी तळ्यापासून लांबच तंबू मारले.

"पाणी आत्ता कुठं हाय ते बघायचं नाय," त्यांनी मला सांगितलं. "मागल्या वेळी कुठवर आलं होतं ते बघायचं."

"ते कसं कळणार?"

त्यांनी उतारावर एका ठिकाणी बोट दाखवलं. मला काही दिसेना. मग दिसलं. काड्या, वाळलेला फेस आणि शेळ्यांच्या लेंड्या, सगळं एका वाकड्या रेघेत. पाणी वाहून आणतं आणि मागे सरताना सोडून जातं. ती रेघ भेगाळलेल्या मातीच्या काठापासून साठ-सत्तर पावलं वर होती.

"हिच्या खाली झोपायचं नाय. आभाळ कितीही साफ असू दे. पाऊस हितं पडत नाय, तिकडं लांब पडतो, आणि पाणी न सांगता येतं."

मग दर शुक्रवारी परीक्षा. मी जागा दाखवायची, ते आडवे व्हायचे. डिसेंबरात मी सात जागा दाखवल्या आणि सातही वेळा "हितं नाय" ऐकलं. आठव्या वेळी ते काहीच बोलले नाहीत. उठले आणि गोण्या भरायला लागले.

दुसऱ्या दिवशी परतताना हाफलॉरीत त्यांनी मला विचारलं, "तुझ्या कॉलेजात माझ्यासारख्याला घेतात काय गो?"

मला वाटलं खरंच विचारताहेत. मी दोन दिवस चौकशी केली. कार्यालयातल्या बाईंनाही विचारलं. पुढच्या शुक्रवारी सांगितलं की बारावी लागते, आणि तरी तीन वर्षं लागतील.

"चौथीनंतर थेट बारावी देतात काय ते इचार," ते म्हणाले आणि हसत सुटले. मग माझा चेहरा बघून थांबले. "मजा केली गो. तू इचारून आलीस?"

"हो."

 सुलैबियाच्या फाट्यापाशी ते म्हणाले, "तू तेवढं पुरं कर."

जानेवारीच्या मध्यावर दोन दिवस चांगला पाऊस झाला. तळं भरलं, त्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर आले. त्यानंतरचा शुक्रवार चाचांचा शेवटचा होता. सोमवारचं विमान होतं.

त्या दिवशी ते गाडी चालवत थेट तळ्याच्या बाजूला गेले. आम्ही मागून. नेहमीच्या वळणावर वळले नाहीत. उतारावरून खाली आले आणि पाण्यापासून पंधरा-वीस पावलांवर थांबले. तळं खरंच सुंदर दिसत होतं. तपकिरी पाणी, वाऱ्याने बारीक सुरकुत्या पडलेलं, पलीकडच्या काठावर पांढरे लांब पायांचे पक्षी. चाचांनी टोपी काढली नाही, आडवे झाले नाहीत. गाडीतून गोण्या काढल्या आणि म्हणाले, "चालंल."

सबनीस साहेबांना तर हेच हवं होतं. "वा, चाचा! शेवटी एकदाचे ऐकलंत!" त्यांनी खुर्च्या काढल्या. बाबा फावडं घेऊन खणायला लागले. आई माझ्याकडे बघत होती.

मी मागे वळून उताराकडे पाहिलं. रेघ तिथेच होती, काड्या आणि लेंड्यांची, आमच्या डोक्याच्या उंचीवर. पश्चिमेला, लांब, आभाळ शिसाच्या रंगाचं झालं होतं. मी पाण्याचा कॅन उचलला, चुलीपाशी ठेवला, परत उचलला. बाबांच्या जवळ जाऊन हळूच म्हटलं, "बाबा, रेघ वर आहे."

"त्याला कळत नाही होय? गप बस. शेवटचा दिवस आहे त्याचा."

ते खरंच होतं. मी कॅन पुन्हा चुलीपाशी नेऊन ठेवला. चाचा गुडघ्यावर बसून पहिल्या गोणीला दोर बांधत होते. गाठ मारताना त्यांची नजर हातावर नव्हती, पाण्यावर होती.

"चाचा," मी म्हटलं, "हितं नाय."

त्यांनी वर पाहिलं.

"रेघ वर आहे. आणि तिकडे आभाळ भरलंय."

"तो पाऊस हिकडचा नाय."

"तुम्हीच म्हणालात, तिकडे पडतो आणि पाणी इकडे येतं."

साहेब खुर्चीतून म्हणाले, "अगं, एक रात्र राहू दे की त्यांच्या मनासारखं."

चाचा उठले नाहीत. दोर हातात तसाच. मग कोणाकडेही न बघता म्हणाले, "तीस वर्षं ह्या वाळवंटात पाणी वाहून आणलं. पडलेल्या पाण्याच्या काठाला झोपलो नाय कधी. एकदा झोपावं वाटलं."

 मी "हो" म्हणाले असते तर सगळ्यांना बरं वाटलं असतं. पण तंबूत माझी आई झोपणार होती, साहेबांची इरा झोपणार होती. मी म्हटलं, "दिवसा बसू या इथे. झोपायला वर जाऊ."

बाबा मला ओरडणार होते. चाचांनी हात वर करून त्यांना थांबवलं. गाठ सोडली, दोर गुंडाळला, गोणी उलटी करून वाळू ओतली. "साहेब, खुर्ची घडी करा. जागा ही बघंल."

मी दाखवली त्या जागेवर, रेघेच्या बऱ्याच वर, आम्ही तंबू लावले. त्यांनी ती जागा तपासली नाही.

त्या रात्री पाऊस पडला नाही. तळंही वाढलं नाही. सबनीस साहेबांनी मला दोनदा ऐकवलं, "झोपलो असतो की मस्त काठावर!" अजूनही ऐकवतात. बाबांचं म्हणणं आहे की चाचांनी माझी परीक्षा घेतली, मुद्दाम खाली नेलं. सगळ्यांना ते पटलंय आणि आता आमच्यात गोष्ट तशीच सांगितली जाते. मला तसं वाटत नाही. मी त्यांचा चेहरा पाहिला होता. फोनवर एकदा विचारून बघावं असं खूपदा मनात येतं, पण ते गावच्या पावसाचं, नातवंडांचं, माझ्या निकालाचं बोलतात आणि माझं राहून जातं. या हिवाळ्यात आम्ही सहा वेळा गेलो. जागा मी बघते.

चाचांच्या त्या शेवटच्या शनिवारी सकाळी मला लवकर जाग आली. आईने चूल पेटवली होती, चहा उकळत होता. चाचांचं अंथरूण घडी करून ठेवलेलं. फजरची, पहाटेची नमाज पढून ते खाली गेले होते. मी उतारावर येऊन पाहिलं. ते तळ्यात उभे होते, काठापासून आत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोन्ही चपला एका हातात. पाठ आमच्याकडे. सूर्य अजून वर आला नव्हता आणि पाणी राखेच्या रंगाचं दिसत होतं. ते वाकले, मोकळ्या हाताने थोडं पाणी उचललं आणि बोटांतून गळू दिलं. मग पुन्हा एकदा. एक पक्षी त्यांच्यापासून जरा अंतर ठेवून चालत गेला. ते हलले नाहीत.

"हाक मार गं त्यांना," आई मागून म्हणाली. "चहा निवेल."

मी हाक मारली नाही. आईने एकदा माझ्याकडे, एकदा खाली पाहिलं आणि भांड्यावर झाकण ठेवलं.